लाँच चुकवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

वडखळ नाक्याच्या रांगेत उभं राहून अलिबागला जाणारे लोक वेगळे. तुम्ही समुद्रमार्गे जा. फक्त समुद्राच्या वेळा आधी बघू नका, नाहीतर वेळेवर पोचाल आणि सोमवारी ऑफिसात सांगण्यासारखं काही उरणार नाही.

महिना निवडताना जुलैला पहिली पसंती द्या. गेटवे-मांडवा लाँच मेअखेरीस बंद होतात, त्या सप्टेंबरच्या तोंडावर सुरू होतात. हे दरवर्षी होतं, त्यामुळे दरवर्षी नव्याने चकित होण्याची सोय आहे. आधी बंगल्याचे पैसे भरा, तेही परत न मिळणारे, आणि शुक्रवारी रात्री ग्रुपवर विचारा, "लाँच चालू असतील ना रे?" नैर्ऋत्येची लाट आली की धक्क्याला लागलेल्या लाँचचा कठडा घटकेत छातीशी येतो, घटकेत पायाखाली जातो, आणि मधल्या फटीत टांगलेले टायर चिरडून निघतात. त्या फटीवरून म्हाताऱ्या आईला पलीकडे न्यायचं असतं. तुम्ही तिकडे दुर्लक्ष करा आणि "एवढा काही पाऊस नाहीये" म्हणा. बंदी पावसामुळे नसते, वाऱ्यामुळे आणि लाटेमुळे असते. पण तिकीट खिडकीवर वाद घालायला हे वाक्य बरं पडतं.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी, गाड्याही नेणारी रो-रो बोट २०२० पासून आहे आणि ती पावसाळ्यातही चालते. यातलं "चालते" लक्षात ठेवा, "हवामान बरं असेल तर" विसरा. तीन नंबरचा बावटा, म्हणजे बंदराचा खराब हवामानाचा इशारा, चढलाय आणि फेरी रद्द आहे, हे गाडी रांगेत घालून पुढेमागे दहा गाड्या लागल्यावर कळलं तर उत्तम.

पावसाळा हातचा गेला तरी निराश होऊ नका. भाऊच्या धक्क्यावरूनच अलिबागकडच्या रेवस बंदराला जा. तिथे लाँच चुकवण्याची बारमाही सोय आहे, कारण रेवस बंदरात गाळ आहे आणि मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्यापर्यंत पोचत नाही. उरणच्या मोरा बंदराचीही तीच रड.

इथे एक धोका सांगून ठेवतो. कोकणातली जुनी माणसं भरतीची वेळ बोटांवर काढतात: तिथीची पाऊणपट. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सव्वाआठच्या आसपास भरती आणि तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धाएक तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला पुरतं. हा हिशेब चुकूनही करू नका. तिथी भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेली असते. त्या चौकोनात दूधवाल्याचे खाडे मांडावेत.

दिवस पौर्णिमेचा धरा. चांदणं, किनारा, कोळंबी, सगळं जुळून येतं. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला, आणि तीही उधाणाची: पाणी जितकं वर चढलं तितकंच खाली उतरणार. नेमकी हीच मुंबईकराची परतायची वेळ.

त्यात अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला घाला. किल्ल्यात चालत जायला ओहोटी लागते, रेवसहून निघायला भरती. दोन्ही एकाच संध्याकाळी बसवता आलं की तुम्ही या विद्येत पारंगत झालात. चारला ओल्या वाळूवरून किल्ल्याकडे निघालात की रेवसची बोट गेलीच म्हणून समजा. अष्टमीला जाऊन हे टाळू पाहणारा एखादा शहाणा असतो. अष्टमीची ओहोटी दुपारी बाराला येते खरी, पण ते भांगाचं पाणी, पुरतं हटत नाही. चपला हातात आणि पँट गुडघ्यापर्यंत.

समजा लाँच चालवणारा एखादा तांडेल तुमच्या गयावयाला भुलला आणि उरल्यासुरल्या पाण्यात त्याने लाँच घातलीच, तर पुढे उभ्या असलेल्या खलाशाकडे बघा. तो बांबू पाण्यात टोचतो, वर काढून ओला भाग बघतो आणि काही बोलत नाही. मागे पंख्याने उसळलेलं पाणी चहाच्या रंगाचं होतं. इंजिन थंड ठेवायला जे पाणी आत ओढलं जातं, तेच आता गाळ घेऊन येतं; जाळी चोंदते, इंजिन तापतं, तांडेल ते बंद करतो. या शांततेत सगळ्यांनी उठून एका कठड्याशी गोळा व्हावं आणि फोटो काढावेत. टेकलेली लाँच त्या अंगाला छान कलते.

मग तांडेलला विचारा, "दारं बसवून पाणी अडवता येत नाही का हो?" येतं की. मुंबई बंदरात १८८० चा प्रिन्सेस डॉक आणि १८८८ चा व्हिक्टोरिया डॉक भरतीची वाट बघून जहाजं आत घ्यायचे. १९१४ च्या अलेक्झांड्रा डॉकला, म्हणजे आजच्या इंदिरा डॉकला, ७५० फूट लांब आणि १०० फूट रुंद लॉक बांधलं: जहाज आत घ्यायचं, मागचं दार लावायचं, पाणी डॉकच्या पातळीला आणायचं, पुढचं दार उघडायचं. तेव्हापासून तिथे ओहोटीने कोणाचं अडत नाही. रेवसला मात्र दार आहे ते चंद्राच्या हातात.

हे सगळं तांडेलला नीट समजावून सांगा. पाणी चढायला अजून तीन तास आहेत, तोही कुठे जात नाही.