ओल्या फडक्याची साक्ष

काका, नमस्कार.

गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या गाडीवरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया थोडक्यात अशी: "चाळीस वर्षं गाड्या चालवतोय. गरम झाल्यावर बंद पडते म्हणजे पेट्रोलची वाफ होते. ओलं फडकं टाका, वीस मिनिटं थांबा, चालू होते. तुम्ही उगाच लोकांना सेन्सर विकत घ्यायला लावताय." शिवाय पुतण्याच्या गाडीचा दाखला. तीही माझ्या गाडीसारखी इंजेक्शनची (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टर पेट्रोल फवारतात ती), मे महिन्यात घाटात बंद पडली आणि इंजिनाच्या मागच्या बाजूला पाइपांवर फडकं टाकल्यावर चालू झाली.

आधी माझं चुकलं ते सांगतो. "आरपीएमचा काटा शून्यावर पडला की क्रँक सेन्सर बदला आणि मोकळे व्हा" हे वाक्य मी लेखात घाईत लिहिलं. (क्रँक सेन्सर म्हणजे इंजिन फिरतंय हे कळवणारा सेन्सर.) मेन रिले (इंजिनाच्या कॉम्प्युटरला वीज पुरवणारा स्विच) गरम होऊन सुटला तरी काटा तसाच पडतो. त्यामुळे बंद पडल्यावर चावी पुन्हा फिरवून डॅशबोर्डवरचा चेक लाइट (इंजिनाचा दिवा) लागतोय का, हे आधी बघायला हवं. लाइटच लागत नसेल तर सेन्सरला हात लावू नका, रिले आणि फ्यूज बघा. सेन्सरच्या नावाखाली कुणाचे पैसे वाया गेले असतील तर त्याचा दोष माझ्याकडे.

आता फडकं. फियाट पद्मिनीच्या जमान्यात ते शंभर टक्के खरं होतं. तिचा एसी पंप (एअर कंडिशनरशी संबंध नाही, गॅरेजमध्ये त्या पंपाला तेच नाव आहे) इंजिनालाच चिकटलेला. तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढायचा. ओढताना नळीतला दाब कमी होतो, वरून इंजिनाची धग, मग पेट्रोलला बुडबुडे येणारच. पंपातला पडदा बुडबुडेच दाबत बसतो, पेट्रोल पुढे जात नाही. फडकं टाकलं की वाफेचं पुन्हा पेट्रोल.

इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीत बुडालेला असतो आणि तो पेट्रोल ढकलतो, साधारण तीन बारच्या दाबानं. त्या दाबाखाली पेट्रोल सहजासहजी उकळत नाही. गरम गाडी दहा मिनिटं उभी करून परत सेल्फ मारला तर त्रास होऊ शकतो, कारण नळीतला दाब तोवर उतरलेला असतो. पण घाट चढता चढता इंजिन पटकन मरणं वाफेनं क्वचितच होतं.

माझी गाडी खंबाटकी चढताना गेली. कुठे आचका नाही, अडखळणं नाही, दिवा विझावा तशी. गाडी तिसऱ्या गिअरमध्येच होती, चाकं फिरत होती, इंजिनही त्यांच्यासोबत फिरत होतं, आणि काटा मात्र सरळ शून्यावर. पेट्रोल संपत आलं की गाडी आधी कुरकुरते. इथे कुरकुर नव्हती. चावी फिरवली, चेक लाइट लागला. सेल्फ मारला, इंजिन फिरतंय, काटा ढिम्म हलत नाही. क्रँक सेन्सरचा सिग्नल नसला की ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) इंजिन फिरतंय हेच कळत नाही. मग तो स्पार्क प्लगला करंटही देत नाही, इंजेक्टरही उघडत नाही आणि दोन-तीन सेकंदांत फ्युएल पंपही बंद करतो. त्यामुळे बिचाऱ्या पंपावर आळ येतो. माझ्याही गाडीचा चांगला पंप आधी बदलला गेला होता.

घरी सेन्सर काढून मल्टिमीटर लावला. थंड असताना 860 ओम. बायकोचा हेअर ड्रायर धरला तसा आकडा चढत 1040 च्या आसपास गेला. इथवर घाबरायचं कारण नाही, तापल्यावर तांब्याचा रोध वाढतोच. मग एकदम मीटरच्या डाव्या कोपऱ्यात नुसता 1. म्हणजे आतली केसासारखी बारीक तार कुठेतरी सुटली. ड्रायर बंद करून चहा होईपर्यंत 870 परत आलं. ही चाचणी दोन तारांच्या सेन्सरलाच लागू. तीन तारांचा असेल तर तो बहुधा हॉल सेन्सर (आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला), त्याला ओम मोजून काही कळत नाही.

आता पुतण्याची गाडी. बऱ्याच गाड्यांत क्रँक सेन्सर असतो इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी. मागच्या पाइपांवरच्या फडक्याचं पाणी ठिबकत जातं ते नेमकं तिकडेच. शिवाय वीस मिनिटं गेलीच. म्हणजे फडक्यानं वाफ थंड केली की सेन्सर, हे नुसत्या फडक्यावरून सांगता येणार नाही. गरम झाल्यामुळे काहीतरी बिघडतंय, एवढंच त्यावरून कळतं. इग्निशन कॉइलही (ठिणगीसाठी करंट तयार करणारी) गरम झाल्यावर अशीच वागते.

सिग्नलला थांबल्यावर बंद पडून लगेच चालू होणारी गाडी मात्र वेगळी. तिथे आधी थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) साफ करा.

पुतण्याला विचाराल का, बंद पडली तेव्हा काटा कुठे होता आणि सेल्फ मारताना हलत होता का? पुन्हा पडली तर पाणी फक्त सेन्सरवर टाकायला सांगा, तेही थोडंसं. तापलेल्या एक्झॉस्टवर ओतलं तर तडा जायचा. सेल्फ मारताना काटा हलत असेल तर माझा सेन्सर निर्दोष, मग तुमची वाफ धरून कॉइल आणि फ्युएलचा दाब तपासू. लेखातलं ते वाक्य आज सकाळी बदललंय, चेक लाइटचं वर टाकलंय.