ग्रॅम मोजण्याआधी हात मोजा

काल भाच्याला घेऊन इंदूरच्या सिल्व्हर मॉलला गेलो होतो, त्याला व्हॅलोरंट गेमसाठी वायरवाला माऊस घ्यायचाय आणि ताईनं आधीच सांगून ठेवलंय, तीन हजारच्या वर एक रुपया नाही. दोन तास फिरून तसेच परत आलो. प्रत्येक काउंटरवर एकच, "भिया ये देखो, सबसे हल्का", पण सील तोडून माऊस हातात द्यायला कुणी तयार नाही. भाचाही तेच धरून बसलाय, मामा पल्सफायर हेस्ट ५९ ग्रॅम आहे, मामा मॉडेल ओ ६७ आहे. अरे पण तुझ्या हातात बसतो का ते बघ ना आधी!

वजनाला काही अर्थ नाही असं मी म्हणत नाहीये. लॉजिटेकच्या ८५ ग्रॅमच्या जी १०२ वरून मी रेझरच्या वायपर मिनीवर आलो, तो ६१ ग्रॅम, आणि पहिल्याच संध्याकाळी हाताला कळलं. मी काउंटर स्ट्राइक खेळतो, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माऊस सरकवला की गेममधली नजर किती फिरते ते, एकदम कमी, पूर्ण गिरकी घ्यायला माऊस चाळीसेक सेंटिमीटर सरकवावा लागतो, पॅड संपलं की उचलायचा, मागे आणायचा, परत सरकवायचा, एका मॅचमध्ये किती वेळा ते विचारूच नका. सारखं उचलावं लागतं तेव्हा ग्रॅम कळतात. सेन्सिटिव्हिटी वाढवून नुसत्या मनगटावर खेळणाऱ्याला हा फरक फारसा जाणवणार नाही. आणि खाली जाण्यालाही एक हद्द आहे, मित्राचा कूलर मास्टर एमएम ७१० आठवडाभर वापरला, ५३ ग्रॅम, पण दुसऱ्या दिवशी मला वेगळं काही वाटेनासं झालं. वरून वजन कमी करायला त्याच्या कवचाला भोकं. मे महिन्यात कूलर लावून बसलात की घाम आणि धूळ, आणि आपल्याकडे खेळताना बाजूला शेवेची वाटी असतेच, तो चुरा सगळा आत.

आता भाच्याचा हात. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत माझा १९ सेंटिमीटर आहे, मी बोटं वाकवून पंजासारखा माऊस धरतो, ११८ मिलिमीटरचा वायपर मिनी मला बरोबर बसतो. भाच्याचा हात माझ्यापेक्षा मोठा आणि तो अख्खा तळवा टेकवतो, वायपर मिनी घेतला तर त्याची करंगळी पॅडवर घासत राहील. त्याला रेझरच्याच डेथॲडरसारखा पाठीला उंच, उजव्या हाताचा आकार पाहिजे. वायरवाला डेथॲडर व्ही ३ भोकं नसून ५९ ग्रॅम आहे, पण तो ताईच्या बजेटमध्ये बसत नाही. मग माझं स्पष्ट मत, ९६ ग्रॅमचा डेथॲडर इसेन्शियल घे, पण हाताला न बसणारा ५९ ग्रॅमचा घेऊ नकोस.

केबलकडे तर कुणी बघतच नाही, आणि डब्यावरचं वजन बहुतेक वेळा केबल सोडून असतं हे किती जणांना माहीत आहे? रबराची कडक केबल टेबलाच्या कडेला अडली की साठ ग्रॅमचा माऊसही ओढावा लागतो. कापडी वेष्टनाची मऊ केबल असेल तर उत्तम, नसेल तर मॉनिटरच्या पायाला क्लिपनं अडकवा आणि पुढे थोडी ढील सोडा. वायरलेस स्लो असतो म्हणून मी वायर घ्या म्हणतोय असं नाही, चांगले वायरलेस आता जराही मागे नाहीत, पण तीन हजारांत बॅटरी आणि रेडिओवर पैसे घालवण्यापेक्षा ते सेन्सर आणि स्विचमध्ये गेलेले बरे.

स्विचचं मुद्दाम सांगतो. आधीच्या एका माऊसला चौदा महिन्यांत डबल क्लिक सुरू झालं, म्हणजे आतली धातूची पट्टी थरथरून एकदा दाबलेलं बटण दोनदा दाबल्यासारखं व्हायचं. ग्रेनेडची पिन काढून बटण दाबून धरलंय आणि बटण आपोआप क्षणभर सुटल्यासारखं होतं, ग्रेनेड पायाशी. ऐन मॅचमध्ये चार मित्र आपल्या भरवशावर असताना हे झालं की फार वाईट वाटतं. वायपर मिनीत ऑप्टिकल स्विच आहेत, क्लिक प्रकाशाच्या किरणावर ओळखला जातो, धातूची पट्टी थरथरायचा प्रश्नच नाही. डीपीआयचे, म्हणजे माऊस इंचभर सरकवला की तो किती बिंदू मोजतो त्याचे, मोठे आकडे सोडून द्या, वायपर मिनीचा ८५०० पर्यंत जातो, मी ८०० वर खेळतो.

रविवारी भाचा घरी येतोय, जी १०२, वायपर मिनी आणि मित्राकडून आणलेला डेथॲडर, तिन्ही टेबलावर ठेवणार आहे, प्रत्येकावर तासभर खेळू दे त्याला. रामबाग, नारायण बागेकडचं कुणी माऊस घ्यायच्या विचारात असेल तर तुम्हीही या, हातात धरून बघा.