प्युअर मॅथ्स बंद करा म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

एक मेसेज सध्या जोरात फिरतोय, तुम्हालाही आला असेल. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं, की युनिव्हर्सिटीतला प्युअर मॅथ्सचा, म्हणजे वापराचा विचार न करता केलेल्या गणिताचा रिसर्च म्हणजे पैशाची नासाडी, त्याचा कुणाला काडीचा उपयोग नाही. अप्लाइड मॅथ्स तेवढं खरं, पण तेही आता सॉफ्टवेअर करतं. गणितात तिशीनंतर कुणाला काही नवीन सुचत नाही, रिसर्चवाल्यांना शिकवता येत नाही म्हणून रिसर्च आणि शिकवणं वेगळं करून टाका, आणि कॉम्प्युटर कोट्यवधी आकडे तपासू शकतो तर प्रूफ लिहीत बसायचं कशाला. फॉरवर्ड करणाऱ्यांत बरेच समजूतदार लोक दिसले आणि डिपार्टमेंटच्या जागा भरायच्या की नाही हे असल्याच मतांवर ठरतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"उपयोग नाही" याला साक्षीदार म्हणून हार्डीला उभं केलंय. आपल्या कुठल्याच शोधाने जगाच्या सुखसोयींत फरक पडला नाही आणि पडायची शक्यताही नाही असं जी. एच. हार्डी या इंग्रज गणितज्ञाने 1940 मध्ये लिहिलं हे खरंच आहे. पण याच हार्डीने 1908 मध्ये आनुवंशिकतेवरचा एक प्रश्न साध्या बीजगणिताने एका छोट्याशा पत्रात सोडवला होता, तो आज हार्डी-वाइनबर्ग नियम म्हणून बायॉलॉजीची पोरं शिकतात. आणि ज्या नंबर थिअरीत, म्हणजे पूर्ण संख्यांच्या गुणधर्मांच्या अभ्यासात, त्याचं आयुष्य गेलं तिचं काय झालं ते जरा आकडे घेऊनच बघू.

33 घ्या, म्हणजे 3 गुणिले 11. मला 4 हा आकडा गुपचूप पाठवायचाय. 4 चा घन 64, त्याला 33 ने भागलं की बाकी 31, तर हा 31 मी उघड्यावर पाठवतो. समोरचा 31 चा सातवा घात करून परत 33 ने भागतो. 33 च्या हिशोबात 31 म्हणजे उणे 2, त्याचा सातवा घात उणे 128, त्यात 132 मिळवले की 4. आला की नाही परत! 3 आणि 7 हीच जोडी का, तर 3 गुणिले 7 म्हणजे 21, त्याला 20 ने भागलं की बाकी 1 उरते, आणि 20 आला कुठून तर 3 आणि 11 मधून प्रत्येकी एक वजा करून गुणाकार केला, 2 गुणिले 10. म्हणजे ज्याला 33 चे अवयव माहीत त्यालाच 7 सापडणार. खऱ्या वापरात 33 च्या जागी सहाशेहून जास्त अंकी संख्या असते, तिचे अवयव पाडणं आजच्या कॉम्प्युटरच्या आवाक्याबाहेर आहे, आणि सगळा भरवसा त्यावरच. संदेश गुप्त ठेवायची ही पद्धत (RSA) रिवेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी 1977 मध्ये मांडली, पण हे घात-बाकीचं गणित का चालतं हे सांगणारं मूळ प्रमेय फर्माने 1640 मध्ये लिहिलेलं, नंतर ऑयलरने ते वाढवलं. मध्ये 337 वर्षं गेली.

यावर लोक म्हणतात ही अपवादाची उदाहरणं, बहुतेक पेपर कधीच कामाला येत नाहीत. नाही येत, मान्य. पण कुठला येणार हे आधी कोण सांगणार? हार्डी त्या विषयातला अगदी वरचा माणूस, त्याला स्वतःच्या विषयाचं भविष्य कळलं नाही, मग ते ग्रांट देणाऱ्या कमिटीला कळेल अशी अपेक्षा तरी कशी ठेवायची! राडॉनने 1917 मध्ये, रेषांवरच्या बेरजांवरून मूळ फंक्शन कसं परत मिळवायचं हे काढलं, तेव्हा सीटी स्कॅन कुणाच्या स्वप्नातही नव्हता, आज स्कॅनमधून चित्र तयार होतं त्यामागे तेच गणित असतं.

आता अप्लाइड मॅथ्स म्हणजे सॉफ्टवेअरचं बटण दाबणं, हे. 25 फेब्रुवारी 1991, आखाती युद्ध, सौदी अरेबियातलं दहरान. शत्रूची क्षेपणास्त्रं हवेतच पाडणाऱ्या अमेरिकेच्या पॅट्रियट सिस्टिमचं घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजायचं, आणि 0.1 ही संख्या बायनरीत कधी संपतच नाही, त्यामुळे ती 24 बिटमध्ये छाटून ठेवलेली. चूक अगदी बारीक, पण सिस्टिम सलग 100 तास चालू राहिली आणि ती साचत साचत 0.34 सेकंदावर गेली. तेवढ्या वेळात स्कड, म्हणजे इराकचं क्षेपणास्त्र, अर्धा किलोमीटर पुढे जातं. ते अडवलं गेलं नाही, 28 सैनिक मेले. मशीन बिघडलं नव्हतं, सांगितलेलं गणितच करत होतं. चूक किती साचते, कुठली पद्धत स्थिर, कुठली नाही, हेच तर न्यूमेरिकल अ‍ॅनालिसिसवाले करतात आणि ते करायला प्युअरवाल्यांची प्रमेयं लागतात. उलट दिशेनेही तेच, फुरिएने उष्णता कशी पसरते याचा अभ्यास करताना ज्या मालिका वापरल्या त्यांच्यावरचे प्रश्न सोडवता सोडवता कँटर सेट थिअरीपर्यंत, म्हणजे संचांच्या गणितापर्यंत पोचला. यातलं एक ठेवून दुसरं कापायचं तर कापणार कुठे?

तिशीचा मुद्दा लवकर संपतो. फील्ड्स मेडल हे गणितातलं मोठं बक्षीस चाळिशीच्या आतल्यांनाच देतात, तो त्या बक्षिसाचा नियम आहे, मेंदूचा नाही. झीटा 3 (1, 2, 3 अशा सगळ्या संख्यांच्या घनांच्या व्यस्तांची बेरीज) ही संख्या अपरिमेय आहे हे आपेरीने 1978 मध्ये दाखवलं, वय 61. यितांग झांगने 2013 मध्ये मूळ संख्यांच्या जोड्यांवरचा मोठा निकाल दिला तेव्हा पन्नाशी कधीच ओलांडलेली, आणि तोपर्यंत कित्येक वर्षं तो युनिव्हर्सिटीत लेक्चररच होता.

शिकवण्याबद्दलची तक्रार मात्र मला पटते. फळ्याशी बोलणारे, शंका विचारली की चिडणारे रिसर्चवाले असतात, विद्यार्थ्यांचं अख्खं सेमिस्टर वाया जातं, आणि प्रमोशनच्या वेळी शिकवणं कुणी मोजत नाही. ते मोजायला सुरुवात करा, मी तुमच्या बाजूने. पण दोन्ही तोडून टाका म्हणजे काय? 1858 मध्ये डेडेकिंड हा जर्मन गणितज्ञ झुरिकला कॅल्क्युलस शिकवत होता. सतत वाढणारी पण एका मर्यादेच्या पलीकडे न जाणारी राशी कुठल्यातरी किमतीजवळ जातेच, हे वर्गात सांगताना त्याला चित्राचा आधार घ्यावा लागायचा, कारण पक्कं प्रूफ नव्हतंच. ते त्याला सहन होईना. त्या टोचणीतून वास्तव संख्यांची व्याख्या आली, 1872 मध्ये छापली, आणि आज अ‍ॅनालिसिसचा पहिला कोर्स तिथूनच सुरू होतो. नुसतं रिसर्च सेंटरमध्ये बसला असता तर त्याच वाक्यापाशी रोज अडला असता का, मला तरी शंका आहे. आणि दुसरीकडे, ज्याने स्वतः महिनोन्‌महिने एका प्रश्नावर डोकं आपटलंय तोच पोरांना सांगू शकतो की अडकणं नॉर्मल आहे.

राहिलं प्रूफ. कॉम्प्युटर गणितवाल्यांना नकोय असं नाही, चार रंगांचं प्रमेय (शेजारचे प्रदेश वेगळ्या रंगाचे ठेवून कुठलाही नकाशा चार रंगांत रंगवता येतो) 1976 मध्ये त्याच्याच मदतीने सिद्ध झालं. पण "कोट्यवधी आकडे तपासले की झालं" हे चूक आहे. अमुक संख्येपर्यंत मूळ संख्या किती, याचा लॉगरिदमवरून काढलेला एक जुना अंदाज आहे, गाउसच्या काळापासूनचा. अगदी सुरुवातीचे आकडे सोडले तर जिथवर मोजून पाहिलंय तिथवर तो अंदाज खऱ्या आकड्यापेक्षा जास्तच येतो, एकदाही कमी नाही. मेसेजवाल्याच्या हिशोबाने प्रश्न मिटला. लिटलवुडने 1914 मध्ये सिद्ध केलं की तो पुढे कमी पडतो, आणि एकदा नाही, अनंत वेळा, आणि आज माहीत असलेली अशी जागा 10 च्या 316 व्या घाताच्या आसपास आहे, जिथपर्यंत एकेक आकडा मोजत कुठलंही मशीन पोचणार नाही.