गुडघे वाकव, टाचा उचल

मूल तीन-चार वर्षांचे झाले की त्याला मुंबई-पुण्याकडच्या एखाद्या भव्य थीम पार्कला नेऊन आणावे आणि तिथल्याच रिसॉर्टवर दोन रात्री मुक्काम करावा, हा संस्कार आता आमच्या लातूरकडेही जावळ काढण्याइतकाच आवश्यक मानला जाऊ लागला आहे. एवढ्या लहान मुलाला पुढे यातले काहीच आठवणार नाही, अशी शंका घरातील वडीलधारी मंडळी काढतील. तिकडे लक्ष देऊ नये. जावळ तरी कोणाला आठवते? शिवाय ही सहल मुलासाठी असते, हा मुळातच गैरसमज आहे. गेल्या वर्षी आपल्या साडूने तिथले सदतीस फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले होते, ही गोष्ट मूल विसरले असले तरी मुलाची आई विसरलेली नाही.

मुहूर्त दिवाळीनंतरच्या आठवड्याचा धरावा. त्या सुमारास सोयाबीन विकल्याची पट्टी हाती आलेली असते, आणि महाराष्ट्रातील उरलेल्या सर्व पालकांनीही नेमका हाच आठवडा निवडलेला असल्यामुळे आपल्याला एकटेपणा जाणवत नाही. खर्चाचा अंदाज मात्र रुपयांतच करावा, क्विंटलांत कदापि करू नये. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि आडतीत प्रत्यक्षात त्याहून कमीच पदरात पडत होते. असा हिशेब डोक्यात घेऊन माणूस तिकीटखिडकीपाशी उभा राहिला, तर धाकट्या चिरंजिवांच्या पाळण्यातील एका फेरीत सोयाबीनच्या किती ओळी गेल्या, असले अभद्र विचार त्याच्या मनात येऊ लागतात.

प्रवासाविषयी फार सांगण्यासारखे नाही. बार्शी, टेंभुर्णी, पुणे असे करत चारशेहून अधिक किलोमीटर जायचे असते, मुलाला दोनदा उलटी होते आणि दोन्ही वेळा ती नव्या कपड्यांवरच होते.

या उद्यानांचा मूळ उद्देश काय होता, हे मात्र जाण्यापूर्वी समजून घेतलेले बरे. लॉस एंजेलिसमधील ग्रिफिथ पार्कात आपल्या दोन मुली लाकडी घोड्यांच्या पाळण्यात फिरत असताना आपण बाकावर शेंगदाणे खात बसत असू, आणि आईबाप व मुले या दोघांनाही एकत्र मजा करता येईल अशी एखादी जागा असायला हवी, हा विचार तिथेच सुचला, असे वॉल्ट डिस्ने यांनी पुढे सांगितले होते. त्या विचारातून 17 जुलै 1955 रोजी कॅलिफोर्नियात अनाहाइम येथे डिस्नेलँड सुरू झाले. पहिल्याच दिवशी बनावट आमंत्रणपत्रिका घेऊन आलेल्यांची झुंबड उडाली, उन्हाने रस्त्यावरचे ताजे डांबर मऊ पडून बायकांच्या टाचा त्यात रुतल्या, आणि प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ कोरडे राहिले. गर्दी, डांबर आणि कोरडे नळ हे वर्णन वाचून लातूरच्या माणसाला एकदम घरच्यासारखे वाटावे. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. या सगळ्या अवाढव्य धंद्याच्या मुळाशी बाकावर निवांत बसून शेंगदाणे खाणारा एक बाप होता. त्या बापाला बाकावरून उठवण्यात जगाला पूर्ण यश आले आहे. तो आता रांगेत उभा असतो.

शेंगदाण्यांचे काय झाले, ते प्रवेशद्वारावर कळते. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास सक्त मनाई असते. आपण पहाटे चारला उठून केलेले धपाटे, त्यांच्यासोबतची शेंगदाण्याची चटणी आणि तिला लागणारे दही, हे सारे पिशवीच्या तळाशी, मुलाच्या लंगोटांच्या खाली ठेवलेले असले तरी तिथला रखवालदार ते वासावरून ओळखतो. त्याच्याशी वाद घालू नये. तोही बहुधा आपल्याच भागातून पोटासाठी तिकडे गेलेला असतो आणि डबा काढून घेताना आपल्यापेक्षा त्यालाच जास्त वाईट वाटते. आत गेल्यावर बशीभर गार झालेल्या बटाट्याच्या फोडी घ्याव्यात आणि त्यांची किंमत मुलांसमोर मोठ्याने उच्चारू नये.

आता उंचीकडे वळू, कारण थीम पार्क हे मुख्यतः उंचीचे शास्त्र आहे. आपल्या पिढीला वयाचे शास्त्र पाठ होते. एसटीत पाच वर्षांपर्यंत मूल फुकट आणि पाच ते बारा अर्धे तिकीट, त्यामुळे मराठवाड्यातील कित्येक मुले सलग तीन वर्षे साडेचार वर्षांची राहिली आणि कंडक्टरनेही त्यांच्या मिशा फुटेपर्यंत ते निमूटपणे मान्य केले. या उद्यानांनी वय हा वादाचा मुद्दाच निकालात काढला आहे. खिडकीशेजारी भिंतीवर एक पट्टी रंगवलेली असते आणि तिच्या वर ज्याचे डोके जाईल त्याचे तिकीट लागते. इथे मुलाच्या कानात हळूच सांगावे, ‘गुडघे वाकव.’ आत गेल्यावर प्रत्येक पाळण्यापाशी दुसरी पट्टी असते, तिच्याशेजारी हात आडवा धरलेले हसरे अस्वल उभे असते, आणि त्या हाताच्या खाली ज्याचे डोके राहील त्याला पाळण्यात बसता येत नाही. इथे सांगावे, ‘टाचा उचल.’ ज्या मुलाला पहिल्या पट्टीने पैसे देण्याइतके मोठे ठरवले, तेच मूल दुसऱ्या पट्टीला बसवून घेण्याइतके मोठे वाटत नाही. या दोन पट्ट्यांच्या मधोमध जी पाच-सहा वर्षे बालपण म्हणून ओळखली जातात, तीच या उद्यानांची सुपीक जमीन होय. सहा वर्षांच्या मुलाची उंची साधारणपणे 115 सेंटिमीटर असते आणि मोठ्या पाळण्यांना 120 किंवा 140 सेंटिमीटर लागते. म्हणजे आपल्या मुलाला जे पाहून हर्षवायू झाला होता ते सोडून, ज्याकडे त्याने ढुंकूनही पाहिले नसते अशा मंद गतीने फिरणाऱ्या कपबशीत त्याला बसवावे लागते. मूल रडेल. त्याला आपण सुरक्षिततेचे महत्त्व समजावून सांगावे आणि पाळण्याच्या बाबतीत ते खरोखरच महत्त्वाचे असल्यामुळे त्यात लबाडी करू नये. लबाडी खिडकीपुरतीच पुरे.

रांगेची भीती बाळगू नये. 2016 च्या मार्च महिन्यात ज्या शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा हुकूम लावावा लागला, त्या शहरातील माणसाला रांग कशी लावावी हे कोणी शिकवू नये. फरक एवढाच, की टँकरची रांग सरळ असे आणि तिचे शेवटचे टोक दिसत असे. इथली रांग नागमोडी असते. आता पोचलोच असे वाटावे तिथे ती कोपऱ्याआड वळते आणि आत आणखी चार घड्या निघतात. फलकावर पन्नास मिनिटे लिहिलेली असतात. चाळिसाव्या मिनिटाला आपला नंबर लागतो तेव्हा दहा मिनिटे वाचली म्हणून आपल्याला इतका आनंद होतो, की चाळीस मिनिटे गेली याचे दुःख वाटत नाही. जादा पैसे भरून पुढे जाण्याची सोयही असते. तुळजापूरला देणगी दर्शनाची रांग पाहिलेल्या माणसाला यात धक्का बसण्याचे कारण नाही, मात्र देवीपुढून हलताना हातावर निदान प्रसाद तरी पडतो.

वॉटर पार्कला जाताना आजींना सोबत न्यावे. सुती कपड्यांना पाण्यात बंदी असते, नायलॉनचाच पोशाख लागतो आणि तो तिथे भाड्याने मिळतो. नऊवारी नेसलेल्या आजींचा नायलॉनशी काही संबंध येण्याची शक्यता नसल्यामुळे चपला, मोबाइल, पाकिटे आणि सुनेचे मंगळसूत्र सांभाळायला एक भरवशाचे माणूस आपोआप मोकळे राहते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली होती आणि तिचे फोटो देशभर छापून आले होते. त्या पाण्याची वाट पाहिलेली आपण माणसे. येथे आपल्या डोक्यावर दर काही मिनिटांनी एक अजस्र बादली उपडी होते आणि सर्वजण आनंदाने किंचाळतात. आजी मात्र किंचाळत नाहीत. त्या फक्त विचारतात, ‘हे पानी पुढं कुठं जातंय रं?’ पाणी गाळून पुन्हा फिरवतात, असे आपण सांगावे. त्यांचा चेहरा पाहू नये.

रिसॉर्टच्या खोलीविषयी एकच सूचना पुरेशी आहे. सकाळची न्याहारी भाड्यातच धरलेली असल्यामुळे ती वसूल करण्याच्या जिद्दीने मुलाला इडली, पावाचा टोस्ट, कलिंगड आणि चॉकलेटचे दूध असे सर्व काही चारावे, आणि लगेच त्याला गोल फिरणाऱ्या पाळण्यात बसवावे. पुढचे काय ते प्रवासात आपण शिकलेलेच असतो.

दुपारी तीनच्या सुमारास थोरल्याला घेऊन आई एका रांगेत असते, पट्टीखाली राहिलेला धाकटा बापाच्या खांद्यावर रडत असतो, आणि माणसाच्या उंचीचा कापडी ससा हात हलवत जवळ आल्यामुळे ते रडणे टिपेला पोचलेले असते. अशा वेळी धाकट्याला आजींच्या स्वाधीन करावे. आजी लॉकरशेजारच्या बाकावर बसलेल्या असतात. प्रवेशद्वारावर सर्वांच्या पिशव्या उलट्यापालट्या झाल्या, परंतु नऊवारीच्या ओच्यात काय आहे हे विचारण्याचे धाडस कोणत्याही रखवालदाराला झालेले नसते. तिथून मूठभर भाजलेल्या शेंगा निघतात. आजी एकेक शेंग फोडतात, धाकटा दाणे खातो आणि समोर फिरणाऱ्या घोड्यांकडे शांतपणे पाहत राहतो. आपणही तिथे जागा असल्यास बसून घ्यावे. फक्त टरफले खाली टाकू नयेत, ती दिसली की रखवालदाराला शिट्टी वाजवावीच लागते.