‘फ्लूची कायमची लस दडपून ठेवली आहे’ या दाव्याचा प्रतिवाद

फ्लूची साथ सुरू झाली की एक संदेश हमखास फिरू लागतो. एकदा घेतली की आयुष्यभर पुरेल अशी फ्लूची लस शास्त्रज्ञांनी केव्हाच शोधली आहे, पण दरवर्षी नवी लस खपावी म्हणून औषध कंपन्या ती बाहेर येऊ देत नाहीत, असा त्याचा आशय असतो. त्याच्या पुष्ट्यर्थ जे मुद्दे दिले जातात, त्यांतील काही अर्धवट खरे असल्यामुळेच ते तपासून पाहायला हवेत.

पहिला मुद्दा असा की, विषाणूचा न बदलणारा भाग सापडला आहे, मग लस अवघड का असावी? भाग सापडला आहे हे खरे. फ्लूच्या विषाणूवर हिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते आणि त्याचे डोके व देठ असे दोन भाग पडतात. डोके सतत बदलते. म्हणूनच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेसह जगभरातील प्रयोगशाळांनी दिलेल्या माहितीच्या आधारे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीतील विषाणूंची निवड करते. देठ मात्र फारसा बदलत नाही, आणि त्याला चिकटून विषाणूच्या एकाहून अधिक उपप्रकारांना रोखणारे प्रतिपिंड (शरीर विषाणूविरुद्ध तयार करते ते प्रथिन) जपानी संशोधकांनी 1993 मध्येच नोंदवले होते. अडचण आहे ती आपल्याच रोगप्रतिकारक यंत्रणेच्या सवयीत. ती सहज समोर येणाऱ्या डोक्याविरुद्ध भरपूर प्रतिपिंडे तयार करते आणि विषाणूच्या आवरणालगत दडलेल्या देठाकडे तिचे फारसे लक्ष जात नाही. शिवाय लहानपणी झालेल्या पहिल्या फ्लूची स्मृती पुढच्या प्रत्येक प्रतिसादावर आपली छाप सोडते.

ही सवय मोडण्याचा न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय येथील संशोधकांचा प्रयत्न मुळातून समजून घेण्याजोगा आहे. त्यांनी देठ माणसांत फिरणाऱ्या एच1 या उपप्रकाराच्या विषाणूचा ठेवला आणि त्यावर पक्ष्यांमधील, माणसाच्या शरीराला अनोळखी असलेल्या विषाणूचे डोके बसवले; दुसऱ्या मात्रेत देठ तोच ठेवून डोके पुन्हा बदलले. दोन्ही वेळा ओळखीचा दिसतो तो फक्त देठ, त्यामुळे स्मृती त्याच्याविरुद्ध जागी होते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी चाचणीच्या पहिल्या टप्प्याच्या निष्कर्षांनुसार देठाविरुद्धची प्रतिपिंडे वाढली आणि किमान दीड वर्ष टिकली. पण रक्तात प्रतिपिंडे आढळणे म्हणजे आजार टळणे नव्हे, आणि पहिल्या टप्प्यातील मोजक्या स्वयंसेवकांवरून ते ठरतही नाही.

दुसरा मुद्दा गोवराचा: त्याची लस आयुष्यभर पुरते, मग फ्लूची का नाही? पुण्यात तयार होणाऱ्या गोवराच्या लशीचे मूळ 1954 मध्ये अमेरिकेतील एका आजारी मुलाकडून मिळालेल्या विषाणूत आहे आणि ती आजही परिणामकारक आहे. गोवराच्या विषाणूच्या जनुकांतही चुका होतातच. परंतु पेशीत शिरण्यासाठी लागणाऱ्या त्याच्या प्रथिनांत मोठा बदल झाला तर ती निकामी होतात. फ्लूचे हिमॅग्लुटिनिन असे बदल पचवते. तेव्हा ही तुलना विषाणूंमधला फरक दाखवते, कुणाचे कारस्थान नव्हे.

प्राण्यांवरील यश हा तिसरा पुरावा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने 2022 मध्ये 20 उपप्रकारांची प्रथिने एकत्र असलेली एमआरएनए लस (पेशींना प्रथिन बनवण्याची सूचना देणारी) उंदरांवर आणि फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांवर तपासली व निष्कर्ष आशादायक होते. मात्र प्राण्यांतील यश माणसांतही टिकेलच असे नाही: एचआयव्हीविरुद्धच्या, विषाणूच्या अनेक प्रकारांतील तुकडे जोडून बनवलेल्या ‘मोझॅक’ लशीनेही माकडांमध्ये आशा दाखवली होती. माणसांवरील तिची एक मोठी चाचणी 2021 मध्ये आणि दुसरी 2023 मध्ये अपयशी ठरली.

कंपन्यांच्या हेतूविषयीचा मुद्दा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कच्चा आहे. बायॉण्डवॅक्स या इस्रायली कंपनीची सारी भिस्त अशाच एका सार्वत्रिक लशीवर होती. बारा हजारांहून अधिक लोकांवर तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली, लस फ्लू रोखू शकली नाही आणि ऑक्टोबर 2020 मध्ये कंपनीला ते जाहीर करावे लागले. लस यशस्वी झाली असती तर प्रतिस्पर्ध्यांची बाजारपेठ तिच्या हाती येण्याची शक्यता होती, हे संदेश लिहिणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. शिवाय हे काम केवळ कंपन्या करत नाहीत; अनेक प्रकारांची प्रथिने एकाच अतिसूक्ष्म कणावर बसवणाऱ्या एका लशीची मानवी चाचणी अमेरिकेच्या एनआयएआयडी या संसर्गजन्य रोगांवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने 2021 मध्ये सुरू केली. त्याच संस्थेने 2018 मध्ये ठरवलेले उद्दिष्टही पाहावे: किमान 75 टक्के परिणामकारकता आणि किमान एक वर्षाचे संरक्षण. आयुष्यभर पुरणारी लस त्या उद्दिष्टातही नाही.

राहिला शेवटचा निष्कर्ष, की तोवर वार्षिक लस घेणे व्यर्थ आहे. लशीतील आणि साथीतील विषाणू जुळले तर फ्लूमुळे डॉक्टरांकडे जाण्याचे प्रमाण साधारण 40 ते 60 टक्क्यांनी घटते. न जुळल्यास, अमेरिकेत 2014-15 च्या हंगामात झाले तसे, हा आकडा 20 टक्क्यांच्याही खाली जातो. लस सदोष आहे हे यावरून सिद्ध होते, निरुपयोगी आहे हे नव्हे. आणि वृद्ध, गर्भवती, मधुमेही किंवा दमेकरी व्यक्तींसाठी आज उपलब्ध असलेली लस तीच आहे.