‘सात हजारांत नाशकात कोण जगतं?’: खर्चाच्या सर्वेक्षणावरच्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या आणि गावाकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा गाभा असा: ‘सरकार म्हणतं, शहरातल्या माणसाचा महिन्याचा खर्च ६,९९६ रुपये. नाशकात फ्लॅटचं भाडंच त्याहून जास्त आहे. घराचे हप्ते धरले नाहीत, फुकटचं रेशन मात्र धरून आकडा फुगवला. धान्यावरचा खर्च ५ टक्क्यांवर आला, म्हणजे लोक अर्धपोटी आहेत. अडीच लाख घरांना विचारून १४० कोटींचा हिशोब मांडला. आमच्याकडे तर कुणी फिरकलंही नाही.’

आकडा फार कमी आहे आणि तो फुगवलेलाही आहे, अशा दोन्ही तक्रारी एकाच मेसेजमध्ये आहेत. तरी प्रत्येक मुद्दा वेगळा तपासू, कारण त्यातल्या एकात तथ्य आहे.

‘६,९९६ रुपयांत कोण जगतं?’

हा आकडा घराचा नाही, माणशी आहे. ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४ या वर्षातल्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात शहरी भारताची दरडोई मासिक सरासरी ६,९९६ निघाली, ग्रामीण भारताची ४,१२२. तान्हं बाळ आणि आजीसुद्धा भाजकात येतात. चौघांच्या घराला हे २७,९८४ रुपये होतात. शहरी महाराष्ट्राची सरासरी ७,३६३ आहे, म्हणजे चौघांना २९,४५२. भाड्याशी तुलना करायचीच तर या रकमेशी करा.

शिवाय ही सरासरी आहे. ‘एवढ्यात भागतं’ असं त्यात कुणी म्हटलेलं नाही. त्याच अहवालात शहरातल्या तळाच्या ५ टक्के लोकांचा खर्च माणशी २,३७६ आणि वरच्या ५ टक्क्यांचा २०,३१० आहे. गंगापूर रोडवरचं घर आणि अंबडमध्ये एका खोलीत राहणारे चार कामगार दोघंही यात बसतात. आणि हा नाशिकचा आकडा नाही. ही पाहणी राज्य पातळीवरचे अंदाज देण्यासाठी आखलेली होती, त्यामुळे ‘नाशिक शहराचा सरकारी आकडा’ म्हणून कुणी यातला काही खपवत असेल तर तो घेऊ नका.

‘घराचे हप्ते धरले नाहीत’

बरोबर, धरले नाहीत. धरायचेही नसतात. सर्वेक्षण उपभोग मोजतं: जे खाल्लं, वापरलं, ज्या सेवेचे पैसे दिले ते. गृहकर्जाचा हप्ता ही कर्जाची परतफेड आहे आणि त्यातून मालमत्ता उभी राहते. आयुर्विम्याचा हप्ता, एसआयपी आणि प्राप्तिकरही याच कारणाने बाहेर राहतात.

पण याचा एक परिणाम समजून घ्यायला हवा. दिलेलं भाडं पूर्ण मोजलं जातं; स्वतःच्या घराचं मानीव भाडं, म्हणजे तेच घर भाड्याने घेतलं असतं तर द्यावी लागली असती ती रक्कम, मात्र या सरासरीत येत नाही. समजा, एकाच इमारतीत दोन चौघांची कुटुंबं आहेत आणि बाकी सगळा खर्च सारखा आहे. एक महिना १६,००० भाडं देतं, दुसरं स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतं. कागदावर भाडेकरूचा खर्च माणशी ४,००० रुपयांनी जास्त दिसेल. राहणीमानात काडीचा फरक नसतो. दोन घरांची तुलना करताना हे लक्षात न घेतलं तर निष्कर्ष हमखास चुकतो.

मोठ्या वस्तूंचा नियम वेगळा आहे. मागच्या ३६५ दिवसांत घेतलेल्या वस्तूची किंमत ३० दिवसांवर आणतात. रोख १,००,००० रुपयांची स्कूटर घेतली असेल तर १,००,००० गुणिले ३० भागिले ३६५, म्हणजे महिन्याला ८,२१९. चौघांत माणशी २,०५५. तीच स्कूटर तेरा महिन्यांपूर्वी घेतली असेल तर शून्य. एका घरासाठी हे विचित्र वाटतं, लाखो घरांत ते समतोल होतं.

‘फुकटचं रेशन धरून आकडा फुगवला’

६,९९६ आणि ४,१२२ या आकड्यांत फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत नाही. ती धरून काढलेले आकडे वेगळे छापले आहेत: शहरी ७,०७८ आणि ग्रामीण ४,२४७. फरक ८२ आणि १२५ रुपयांचा. सरकारी योजनेतून मोफत मिळालेलं धान्य, गणवेश, सायकल, लॅपटॉप अशा वस्तूंचं प्रमाण आधी नोंदवतात, मग त्यांना किंमत लावतात. तीही दोन पद्धतींनी लावली: एकदा सर्वाधिक वेळा आढळलेला दर धरून आणि एकदा २५व्या शतमकाचा, म्हणजे खालच्या बाजूचा, दर धरून. सरकारी दवाखान्यातले मोफत उपचार आणि जिल्हा परिषद शाळेतलं मोफत शिक्षण तर दोन्ही आकड्यांत नाही. तेव्हा या बाबतीत चूक झालीच असेल तर ती कमी मोजण्याची आहे.

लोक ज्याच्याशी गल्लत करतात ते म्हणजे घरचं पिकलेलं. निफाडच्या शेतकऱ्याने चाळीतला स्वतःचा कांदा आणि घरचे गहू खाल्ले तर खिशातून पैसा गेला नसला तरी तो उपभोग मूळ आकड्यात धरतात, आणि तो शेतावरच्या दराने. शहरातल्या किरकोळ दराने नाही, कारण त्यात वाहतूक आणि दलाली असते. समजा २० किलो कांदा, शेतावरचा दर १५ रुपये: नोंद ३०० रुपयांची. बाजारात तोच ३० रुपयांनी घेणाऱ्या शहरी घराची नोंद ६०० रुपयांची. दोघांनी खाल्लेला कांदा सारखाच. गावाचा आणि शहराचा आकडा शेजारी ठेवताना हा फरक विसरू नये. पेठ-सुरगाण्याकडे गोळा केलेल्या रानभाज्या आणि सरपणालाही किंमत लावून नोंदवायचं असतं. घाईत विचारलं तर ‘विकत काही आणलं नाही’ एवढंच उत्तर येतं आणि नोंद हुकते.

‘धान्याचा वाटा घटला, म्हणजे लोक अर्धपोटी’

२०११-१२ मध्ये ग्रामीण खर्चात तृणधान्यांचा वाटा सुमारे १०.७ टक्के होता, २०२३-२४ मध्ये जेमतेम ५. पण हा खर्चाचा वाटा आहे, ताटातल्या भाकरीचा नाही. जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा कार्डावरचं धान्य मोफत झालं. प्राधान्य गटातल्या पाच जणांच्या घराला महिन्याला २५ किलो मिळतं. नोंद होते प्रमाण २५ किलो, खर्च शून्य. वाटा घसरणारच. भूक तपासायची तर प्रमाणाचे तक्ते काढावे लागतात.

खाण्याचा एकूण वाटा सरळ घसरत गेला, असंही नाही. २०२२-२३ मध्ये तो ग्रामीण भागात ४६.३८ आणि शहरात ३९.१७ टक्के होता. पुढच्याच वर्षी ४७.०४ आणि ३९.६८ झाला. खाद्यगटांत सर्वांत मोठा हिस्सा पेयं आणि तयार पदार्थांचा आहे, शहरात ११.०९ टक्के. रविवारची मिसळ याच खात्यात जाते.

‘अडीच लाख घरं, आणि आमच्याकडे कुणी आलंच नाही’

पाहणी २,६१,९५३ घरांची झाली. देशात साधारण ३० कोटी घरं धरली तर एका वर्षात तुमचं घर निवडलं जाण्याची शक्यता अकराशे-साडेअकराशेत एक. शंभर फ्लॅटच्या सोसायटीत कुणीही न येणं हेच अपेक्षित आहे. अंदाजाची अचूकता लोकसंख्येच्या किती टक्के घरं घेतली यावर नाही, तर घरांची संख्या आणि ती निवडण्याची पद्धत यांवर ठरते. नमुना चौपट केला तर चूक निम्मी होते.

पद्धत अशी: आधी गाव किंवा शहरी गट यादृच्छिक निवडतात. मग तिथल्या प्रत्येक घराची यादी होते आणि त्यातून १८ घरं निवडली जातात. शहरात घरांचे थर पाडतात: १० लाखांहून महाग मोटार असलेली, त्याहून स्वस्त मोटार असलेली आणि मोटार नसलेली. श्रीमंत घरं थोडी असल्यामुळे नुसत्या चिठ्ठ्यांत ती निसटू शकतात, म्हणून हा थर. पुढे प्रत्येक घराला योग्य भार देऊन सरासरी काढतात. एकाच गटातली १८ घरं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे २.६१ लाखांची ताकद तेवढ्याच सुट्या घरांपेक्षा कमी भरते. म्हणूनच एका गटातून शंभर घरं घेण्यापेक्षा जास्त गट घेणं परवडतं. आणि पाहणी बारा महिने पसरलेली असते. सगळी घरं फेब्रुवारीत विचारली असती तर नाशिककर वर्षभर द्राक्षंच खातात असं दिसलं असतं.

मेसेजने खरा आक्षेप सोडलाच

२०११-१२ च्या १,४३० ग्रामीण आणि २,६३० शहरी रुपयांशी आजचे आकडे थेट लावू नका. एक तर मधली महागाई आहे. ती वजा केली तरी मोजण्याची रीत बदललेली आहे. आधी एकाच भेटीत सगळी प्रश्नावली उरकायची. शेवटच्या पानांपर्यंत सांगणारा आणि विचारणारा दोघंही थकलेले. २०२२-२३ पासून खाद्यपदार्थ, रोजच्या वस्तू व सेवा आणि टिकाऊ वस्तू यांच्या तीन प्रश्नावल्या तीन वेगळ्या भेटींत, टॅबवर भरल्या जातात. वस्तूंची यादी ३४७ वरून ४०५ झाली. नीट विचारलं की जास्त आठवतं. त्यामुळे वाढीतला काही भाग चांगल्या मोजणीचा असू शकतो.

आठवण्याचा कालावधी बदलला तरी आकडा हलतो, हे १९९९-२००० च्या फेरीत दिसलं. तेव्हा खाण्यासाठी ७ आणि ३० दिवसांचे प्रश्न एकाच घराला विचारले, एका उत्तराचा दुसऱ्यावर परिणाम झाला आणि त्या फेरीवरून काढलेला गरिबीचा आकडा वर्षानुवर्षं वादात राहिला. आता भाज्या, फळं, तेल, मांस-मासळी ७ दिवसांची. धान्य आणि डाळी ३० दिवसांच्या. कपडे, शिक्षण, रुग्णालयाचा खर्च ३६५ दिवसांचा विचारतात. त्यात २०१७-१८ चे निष्कर्ष माहितीच्या दर्जाचं कारण देऊन प्रसिद्धच केले नाहीत. अकरा वर्षांची साखळी तिथे तुटली आणि हे नुकसान आजच्या चांगल्या मोजणीनेही भरून निघत नाही.

दुसरी कमजोरी दारातच असते. गेटवर सुरक्षारक्षक अडवतो, बंगल्यातून ‘साहेब नाहीत’ असं उत्तर येतं. थर पाडून श्रीमंत घर यादीत आणता येतं, त्याच्याकडून खरं उत्तर आणता येत नाही. म्हणून वरच्या गटाचा खर्च कमी नोंदला जातो, आणि विषमता आहे त्यापेक्षा कमी दिसते.

तुमच्या घराची निवड झालीच तर ओळखपत्र पाहून आत घ्या. दिलेली माहिती सांख्यिकी संकलन कायदा, २००८ नुसार गोपनीय राहते. बँक खातं, ओटीपी किंवा कार्डाचा नंबर या पाहणीत लागत नाही. तो कुणी मागितला तर बाहेरचा रस्ता दाखवा. वीजबिल, गॅसची पावती, शाळेच्या फीच्या पावत्या आणि मोबाइलवरचे ऑनलाइन खरेदीचे तपशील जवळ ठेवा. आणि खाण्याच्या प्रश्नावलीच्या दिवशी किराणा-भाजी आणणारं माणूस घरात असू द्या.