ऑरेंज, हत्ती आणि आपलं नागपूर

थंडी पडली आणि अंबिया बहाराचा संत्रा कळमन्याच्या बाजारात उतरायला लागला, की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज ठरल्यासारखा येतो. यंदाही आला. थोडक्यात असा: 'ऑरेंज हा शब्द मूळचा आपल्या नागपूरचा! नाग म्हणजे हत्ती. एक हत्ती संत्रे खात सुटला, पोट फुटून मेला, त्या जागी झाड उगवलं, ते नागरंग. इंग्रजांनी त्याचं अ नॉरेंज केलं आणि ऐकण्यातल्या घोळानं ॲन ऑरेंज झालं. संत्रा शब्द मात्र पोर्तुगिजांनी आणला.' खाली तीन हात जोडलेले.

अभिमान मलाही आहे भाऊ. पण इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकापासून सापडतो, आणि गोंड राजा बख्त बुलंद शहानं नाग नदीच्या काठी शहर वसवलं ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. नातवानं आजोबाचं बारसं केलं म्हणण्यातला प्रकार.

हत्तीचं म्हणाल तर संस्कृतात नाग म्हणजे साप तसाच हत्तीही, आणि नागरंग हे रूप कोशात आहे, इथवर खरं. पण साधं रूप नारंग, आणि अभ्यासक त्याचं मूळ बहुधा द्राविडी भाषांत मानतात. तेलुगूत आजही नारिंज आहे. मल्याळममध्ये नारंगा म्हणजे चक्क लिंबू. परका शब्द कळेना, की लोक त्यात ओळखीचे तुकडे शोधतात: नाग सापडला, रंग सापडला, मग गोष्ट रचायला कितीसा वेळ लागतो? बिचारा हत्ती फुकट मेला.

आता 'अ नॉरेंज'. ही थाप जगभर फिरते, आणि चतुर आहे, कारण तसं इंग्रजीत खरंच घडलंय: एप्रन आधी नॅप्रन होता, 'अ'च्या मागचा न 'ॲन'ला जाऊन चिकटला. पण ऑरेंजचा न इंग्रजांच्या हाती लागलाच नाही. नारंग फारसीत नारंगच राहिला, अरबीत नारंज झाला, स्पॅनिशमध्ये नारांखा. इटालियन आणि फ्रेंचमध्ये पोचेपर्यंत पुढचा न गळला, आणि फ्रेंचांकडून इंग्रजांनी तो न गमावलेलाच शब्द घेतला.

मला त्याहून गंमत वाटते ती पोर्तुगिजांची. त्यांनी न टाकला नाही, त्याचा ल केला: लारांजा. हसू नका, आपणही तेच करतो. संस्कृत निंबू, मराठीत लिंबू. निंबाचा लिंब. नवनीताचं लोणी. आणि उलटंही, लांगलाचा नांगर! इकडे तर एकाच घरात दोन्ही चालतात. परवा भाजीवालीला आमच्या पुण्याच्या वहिनी म्हणाल्या, "लिंबं कशी दिली?" ती म्हणे, "निंबू दहाचे चार, ताई." वहिनींनी मला डोळ्यांनीच खुणावलं, बघा तुमची हिंदी. मी म्हटलं, वहिनी, जुना न तिच्याकडेच आहे, बदललाय तुम्ही. (संत्रा की संत्रं यावर त्यांचं माझं आधीच वाजलेलं आहे. इकडे तो संत्रा. एक संत्रा, दोन संत्रे. विषय संपला.)

राहता राहिला हा संत्रा. पोर्तुगालमध्ये सिंत्रा नावाचं गाव आहे, त्यावरून हा कयास. पण बाबरानं आपल्या आठवणींत हिंदुस्थानातल्या फळांमध्ये संगतरा नोंदवलाय, आणि तो 1530 मध्ये वारला. पोर्तुगिजांनी गोवा घेतलं 1510 मध्ये. तेवढ्या वीस वर्षांत त्यांचं गावाचं नाव, फारसी पेहराव करून, उत्तरेतल्या बाजारात रुळलं? एवढ्या वेगानं तर आमच्या ग्रुपवरचे मेसेजही फिरत नाहीत.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. दोन तास शांतता. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा प्रश्न आला, "मंग मोसंबी काहून मोसंबी?"

मोझांबिकवरून, काका. हे मात्र बिनधास्त पुढे पाठवा.